“डॉक बसवा, पायलट विसरा”: हा दावा कुठे कुठे टिकत नाही

सोलर प्लांट सांभाळणाऱ्यांच्या आणि ड्रोन शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ज्या पेटीतून ड्रोन आपोआप उडतो, परत येऊन तिच्यातच उतरतो आणि चार्ज होतो, तो डॉक एकदा साइटवर बसवला की तिथे माणूस लागत नाही. पुण्यात बसलेला एकच जण राज्यभरातले प्लांट बघेल. एक पेटी दहा किलोमीटरच्या परिसराला पुरते. ऊन-वारा तिला बाधत नाही. खर्च वर्षभरात वसूल होतो. सबब, पायलटच्या कोर्सवर पैसे घालू नका.

मी सोलर प्लांटच्या पाहणीचं काम करतो. डॉक चांगलं यंत्र आहे आणि योग्य जागी ते वापरावं, असंच माझं मत आहे. पण हा मजकूर वाचून कोणी साइटवरचा माणूस कमी करत असेल, किंवा एखादं पोर शिकायचं सोडत असेल, तर गप्प बसणं बरोबर नाही.

आधी कायदा. आपल्याकडे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ला लागू झाले. त्यांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन सोडला, तर धंद्यासाठी ड्रोन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवंच. उडवणारा शेजारी उभा आहे की पुण्यात खुर्चीवर बसलाय, याने ही अट सुटत नाही. आणि खुर्चीवरून उडवणं म्हणजे बीव्हीएलओएस, नजरेआडचं उड्डाण. सप्टेंबर २०२१मध्ये तेलंगणात विकाराबादला औषधं पोचवली गेली, पुढच्या महिन्यात मणिपूरमध्ये बिष्णुपूरहून लोकटाक तलावातल्या करांग बेटावर लस नेली. ही नजरेआडची उड्डाणं खास परवानगी काढून, ठरावीक जागी झाली. पेटी विकत घेतली म्हणून ती परवानगी आपोआप मिळत नाही. अमेरिकेतही जानेवारी २०२१मध्ये अमेरिकन रोबोटिक्स या कंपनीला साइटवर माणूस न ठेवता उडवायची मुभा मिळाली, तीही अटी घालून, आणि त्या अटींत दूर बसलेला पायलट होताच.

या मजकुराबरोबर जे व्हिडिओ येतात, ते बहुतेक डीजेआय या चिनी कंपनीच्या डॉकचे असतात. परदेशी बनावटीच्या ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ला बंदी घातली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा एवढेच अपवाद. म्हणजे व्हिडिओत दिसतं ते तुमच्या प्लांटवर सरळ येणारच नाही. देशी पेटी घ्यायची तर तिचे आकडे वेगळे मागा.

आता ऊन-वारा, कारण खरी गोची इथे आहे. पॅनेलची थर्मल पाहणी, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने केलेली पाहणी, सकाळच्या गारव्यात करून चालत नाही. पॅनेलवर ऊन पडून वीज वाहत असेल तेव्हाच खराब सेल गरम दिसतो. आयईसी ६२४४६-३ हे अशा पाहणीचं आंतरराष्ट्रीय मानक चौरस मीटरला किमान ६०० वॉट ऊन मागतं. साहजिकच उड्डाण भर उन्हात. धुळे जिल्ह्यातलं साक्री घ्या. तिथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सोलर प्रकल्प आहे. मे महिन्यात त्या पट्ट्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, आणि हे सावलीतलं तापमान. पेटी उभी असते काँक्रीटच्या ओट्यावर, उन्हात. व्हिडिओंतल्या डीजेआयच्या डॉक २ची वरची मर्यादा ४५ अंश, त्यानंतर आलेल्या डॉक ३ची ५०. वरून नुकत्याच उतरलेल्या तापलेल्या बॅटरीला चार्जिंगआधी थंड करावं लागतं, तो वेळ वेगळा. ज्या तासांत काम करायचं, तेच तास पेटीला सगळ्यात जड जातात.

वाऱ्याचं तसंच. पेटीवरचा वारामापक जमिनीपासून थोड्याच उंचीवरचा वारा सांगतो. ड्रोन असतो साठ-सत्तर मीटरवर. साक्री तालुक्यातच ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे वर वारा असतो म्हणूनच ना? खाली शांत आणि वर झोंबणारा वारा असा दिवस साइटवरचा माणूस धुळीवरून, झाडाच्या शेंड्यांवरून ओळखतो.

“माणूस लागत नाही” म्हणणाऱ्यांनी पेटीचं झाकण एकदा जवळून बघावं. सरकत्या कडेत बारीक धूळ बसते आणि एक दिवस झाकण अर्धंच उघडतं. ड्रोन खाली उतरताना कॅमेऱ्याने पेटीतली खूण वाचतो. तिच्यावर पक्ष्याची विष्ठा पडली की तो नीट उतरू शकत नाही आणि पर्यायी जागा शोधतो. ती जागा आधी कोणीतरी मोकळी ठेवलेली असावी लागते, आणि तिथे उतरलेला ड्रोन उचलून परत पेटीत ठेवायला दोन हात लागतात. ड्रोनच्या पंख्याच्या कडेची केसाएवढी चीर पेटीतल्या कॅमेऱ्याला दिसत नाही, नख फिरवल्यावर कळते. बॅटरी फुगायला लागलीय हे हातात घेतल्यावर समजतं. नेटवर्क गेलं तर ड्रोन स्वतःहून परत फिरतो, हे खरं. पण तेवढा वेळ पुण्यातल्या पडद्यावर काही दिसत नाही.

आणि समजा उड्डाण निर्विघ्न पार पडलं, फोटोत लाल ठिपका दिसला. तो खराब सेल आहे, की कबुतराची घाण, की पॅनेलमागच्या जंक्शन बॉक्सची, म्हणजे तारा जोडायच्या डबीची ऊब? वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन त्या स्ट्रिंगपाशी, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेपाशी जायचं, पॅनेल पुसून बघायचं, कनेक्टर सैल आहे का तपासायचं, हे साइटवरचाच माणूस करतो. पेटी फोटो देते, दुरुस्ती करत नाही.

दहा किलोमीटरचं गणित कागदावर करून बघा. सेकंदाला १५ मीटर वेगाने दहा किलोमीटर जायला अकरा मिनिटं, यायला अकरा. डॉक २च्या ड्रोनची पन्नास मिनिटांची उड्डाणवेळ आदर्श हवेतली आहे. त्यातून सुरक्षेची पाव बॅटरी बाजूला ठेवा. टोकाला पोचल्यावर कामाला जेमतेम पंधरा मिनिटं उरतात, तीही समोरून वारा नसेल तर. शिवाय कुंपणाबाहेर गावं आहेत, रस्ते आहेत, लोकांची घरं आहेत. त्यांच्यावरून रोज कॅमेरा फिरवायचा का, हा प्रश्न त्या मजकुरात कोणाला पडलेलाच नाही.

खर्चवसुलीबद्दल फार बोलायची गरज नाही. वर्षातून एक-दोनदा थर्मल पाहणी लागणाऱ्या प्लांटला पायलट बोलावणंच स्वस्त. पेटी परवडते ती जिथे रोज उडावं लागतं तिथे: रात्रीची राखण, खाणीतल्या मालाचं मोजमाप, वादळानंतर तासाभरात नुकसान बघणं. त्याच मार्गाने, त्याच उंचीवरून रोज घेतलेले फोटो शेजारीशेजारी ठेवता येतात, आणि ही गोष्ट हाताने उडवणाऱ्याला तितकी नेमकी जमत नाही. डॉकचं खरं मोल तिथे आहे, आणि त्यासाठी मी तो घ्यायला सांगेनही.

राहिला कोर्स. दहावी पास आणि १८ ते ६५ वय असलं की सर्टिफिकेटसाठी शिकता येतं, आणि ते दहा वर्षं चालतं. डॉकच्या कंट्रोल रूममध्ये बसायलाही तेच लागणार आहे. मात्र नुसतं उडवणं शिकून थांबू नका. थर्मल फोटो वाचायला शिका, स्ट्रिंगचा नकाशा समजून घ्या, मीटर हातात धरा. ज्या साइटवर पेटी बसेल, तिथे लाल ठिपक्याचं कारण सांगू शकणारा माणूस आधी शोधला जातो.