'रडीचा डाव' म्हणण्याआधी स्टेसी एब्रम्स यांची कारकीर्द तारीखवार पाहा

अमेरिकेतल्या निवडणुकांचा विषय निघाला की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा: 'निवडणूक चोरली म्हणून गळा काढायला सुरुवात ट्रम्पने नाही, स्टेसी एब्रम्सने केली. ही बाई २०१८ मध्ये जॉर्जियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूक हरली, हार मानली नाही आणि मग तिला मतदारांचे हक्क आठवले. दडपशाही झाली म्हणत संस्था काढली, पैसा केला. कोर्टाने सगळं फेटाळलं. मतदान तर विक्रमी झालं होतं, मग दडपशाही कसली? २०२२ मध्ये लोकांनीच तिला उत्तर दिलं.'

यातली काही वाक्यं खरी आहेत आणि जिथे खरी आहेत तिथे मी तसं म्हणणार आहे. पण त्यांच्या आधाराने काढलेला निष्कर्ष, म्हणजे मतदार हक्काची भाषा हे पराभवानंतर शोधलेलं निमित्त होतं आणि एब्रम्स व ट्रम्प एकाच माळेचे मणी, तो तारखा लावून पाहिल्या की टिकत नाही.

आधी 'हरल्यावर मतदार आठवले' हे घेऊ, कारण सगळी इमारत त्यावर उभी आहे.

एब्रम्स यांचा जन्म १९७३ चा. बालपण मिसिसिपीतल्या गल्फपोर्टमध्ये गेलं, शाळा संपायच्या सुमारास कुटुंब अटलांटाला आलं. आईवडील मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. जॉर्जियाच्या तेव्हाच्या राज्यध्वजावर कॉन्फेडरसीचं, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचं चिन्ह होतं. १९९२ मध्ये विधानभवनासमोर तो ध्वज जाळून निषेध करणाऱ्या विद्यार्थ्यांत स्पेलमन कॉलेजची ही मुलगी होती. पुढे टेक्सास विद्यापीठात लोकप्रशासन, १९९९ मध्ये येलमधून कायद्याची पदवी, अटलांटात करविषयक वकिली, मग महापालिकेच्या विधी खात्यात उपवकील. २००६ मध्ये त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आल्या. २०११ पासून तिथल्या अल्पमतातल्या डेमोक्रॅट पक्षाच्या नेत्या झाल्या. जॉर्जियाच्या विधिमंडळात कुठल्याही पक्षाचं नेतृत्व करणारी ही पहिलीच स्त्री.

या काळातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०११ मध्ये रिपब्लिकनांनी करसुधारणेचं मोठं विधेयक आणलं. एब्रम्स करकायदा जाणणाऱ्या. त्यांनी कलमं उलगडून हिशेब मांडला, की आयकर कमी झाला असं दिसलं तरी इतर करांतून अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या खिशातून जास्तच जाणार आहे. तो हिशेब त्यांनी सभागृहातल्या प्रत्येक सदस्याच्या टेबलावर ठेवला, स्वपक्षाच्याही आणि समोरच्यांच्याही. डेमोक्रॅटांकडे बहुमत नसतानाही ते विधेयक बारगळलं. त्याच वर्षी होप या राज्याच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीच्या कपातीवर त्यांनी रिपब्लिकन गव्हर्नर नेथन डील यांच्याशी तडजोड केली आणि त्यासाठी स्वतःच्या पक्षातून बोलणी खाल्ली. कांगावा हाच जिचा स्वभाव, अशा बाईची ही कामं नव्हेत.

आणि मतदार नोंदणी? 'न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट' ही संस्था एब्रम्स यांनी २०१३ मध्ये उभी केली. ज्या पराभवाचं निमित्त सांगितलं जातं, त्याच्या पाच वर्षं आधी. २०१४ च्या निवडणुकीपूर्वी संस्थेने ८६ हजारांहून अधिक अर्ज गोळा केल्याचं सांगितलं. हे अर्ज ज्यांच्या कार्यालयाकडे जायचे ते राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्यातल्या निवडणुकांचा कारभार पाहणारे पदाधिकारी, होते रिपब्लिकन पक्षाचे ब्रायन केम्प. त्यांनी संस्थेवर बनावट अर्जांची चौकशी लावली. संस्थेने गैरप्रकार केल्याचं त्यातून सिद्ध झालं नाही. बनावट ठरले ते काही डझन अर्ज. त्याच उन्हाळ्यात पक्षाच्या लोकांसमोर बोलताना केम्प म्हणाले होते, की डेमोक्रॅट अल्पसंख्याक मतदारांची नोंदणी करण्यात गुंतलेत, ते त्यांना जमलं तर नोव्हेंबरमध्ये ते जिंकू शकतील. त्याचं ध्वनिमुद्रण बाहेर आलं. म्हणजे एब्रम्स आणि केम्प यांचा मतदार यादीवरचा वाद २०१४ चा. २०१८ मध्ये तेच दोघे गव्हर्नरपदासाठी समोरासमोर आले.

इथे आपल्या वाचकाला एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कलम ३२४ खाली निवडणूक आयोग आहे. त्याच्यावर टीका होते, व्हायलाही हवी, पण निवडणूक अधिकारीच उमेदवार आहे असं आपल्याकडे होऊ शकत नाही. अमेरिकेत निवडणूक प्रत्येक राज्य आपापली घेतं. जॉर्जियात मतदार यादी आणि निकालाचं प्रमाणीकरण ज्याच्या अखत्यारीत, तो सेक्रेटरी ऑफ स्टेट पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो. २०१८ मध्ये केम्प स्वतः उमेदवार होते आणि मतदानाच्या दिवशीही त्या खुर्चीत होते. मतदान ६ नोव्हेंबरला झालं, राजीनामा ८ नोव्हेंबरला. कायद्याने याला मनाई नव्हती. पण या व्यवस्थेवर आक्षेप घेणाऱ्याला रडका म्हणणं मला अजिबात पटत नाही.

आता तक्रार नेमकी कशाची होती ते जवळून पाहू. जॉर्जियात 'एक्झॅक्ट मॅच' नावाचा नियम होता. नोंदणी अर्जावरचा तपशील वाहन परवाना खात्याच्या किंवा सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे सरकारी सामाजिक सुरक्षा योजनेच्या, नोंदीशी तंतोतंत जुळला पाहिजे. जोडरेघ राहिली, एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं, की अर्ज प्रलंबित. ऑक्टोबर २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवलं, की असे सुमारे ५३ हजार अर्ज पडून आहेत आणि त्यांतले जवळपास ७० टक्के कृष्णवर्णीयांचे आहेत. राज्यात त्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास आहे. केम्प यांचं उत्तर होतं, की हे लोक केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवून मतदान करू शकतात. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबर होतं.

पण एक गट असा होता ज्याला ते लागू नव्हतं, आणि तो आपल्या फार जवळचा आहे. समजा पुण्याहून कामाच्या व्हिसावर अटलांटाला गेलेला इंजिनिअर. त्याने वाहन परवाना काढला तेव्हा तो नागरिक नव्हता, खात्यात तशी नोंद झाली. काही वर्षांनी त्याने नागरिकत्वाची शपथ घेतली आणि मतदार नोंदणीचा अर्ज भरला. संगणकाने जुनी नोंद काढली आणि शिक्का मारला: नागरिक नाही. आता नागरिकत्वाचा कागद घेऊन तो केंद्रावर गेला, तरी तो तपासण्याचा अधिकार नोंदणी खात्याच्या ठरावीक अधिकाऱ्यालाच, आणि तो त्या केंद्रावर असेलच असं नाही. २ नोव्हेंबर २०१८ रोजी, मतदानाला चार दिवस उरले असताना, न्यायाधीश एलिनॉर रॉस यांनी आदेश दिला, की केंद्रप्रमुखालाही तो कागद तपासू द्या. हा प्रश्न तेव्हा तीन हजारांवर लोकांचा होता. निकालाच्या आकड्यात ही संख्या लहान आहे. पण त्या तीन हजारांतल्या प्रत्येकाने सगळे कागद रीतसर करून ठेवले होते.

त्याच सुमारास केवळ जन्मवर्ष लिहायचं राहिलं किंवा चुकलं म्हणून टपाली मतं बाद करू नका, असा आदेश जॉर्जियातल्या ग्विनेट काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, दुसऱ्या न्यायालयाने दिला. 'काहीच नव्हतं' हे म्हणणं इथेच कोसळतं.

आता 'हार मानली नाही, म्हणजे ट्रम्पच'. हा आरोप अर्धा खरा आहे आणि त्या अर्ध्याबद्दल मी एब्रम्स यांची बाजू घेणार नाही. केम्प यांना १९ लाख ७८ हजार मतं पडली, एब्रम्स यांना १९ लाख २४ हजारांच्या आसपास. फरक ५४,७२३. १६ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी सांगितलं, की हे पराभव मान्य करण्याचं भाषण नाही, कारण जे घडलं ते योग्य होतं असं मी म्हणू शकत नाही. मात्र केम्प यांनाच विजयी घोषित केलं जाईल हे मी जाणते. इथवर ठीक होतं. नंतर २०१९ मध्ये त्या 'आपण जिंकलो' या धर्तीचं बोलत राहिल्या. ते चूक होतं. अडवले गेलेले मतदार किती आणि ते कुणाला मत देणार होते, याचा असा कुठलाही हिशेब नाही ज्यातून ५४ हजारांची दरी भरून निघते. नियम अन्यायकारक होते हे म्हणायला पुरावा होता. निकाल उलटा असता हे म्हणायला नव्हता. मतदार हक्कासाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाने हा फरक सर्वांत काटेकोरपणे पाळायला हवा होता. तो न पाळल्याचं हत्यार त्यांनी विरोधकांच्या हाती आयतं दिलं.

पण बोलण्यापलीकडे त्यांनी काय केलं? निकाल रद्द करा अशी मागणी कुठल्याही न्यायालयात केली नाही. केम्प जानेवारी २०१९ मध्ये बिनअडथळा पदावर बसले. एब्रम्स यांच्या 'फेअर फाइट ॲक्शन' या संस्थेने नोव्हेंबर २०१८ मध्ये दाखल केलेला दावा पुढच्या निवडणुकांचे नियम बदलण्यासाठी होता. दुसरीकडे, २०२० मध्ये ट्रम्प त्याच जॉर्जियात ११,७७९ मतांनी हरले. २ जानेवारी २०२१ ला त्यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधायची आहेत असं सांगितलं. त्याआधी मोजणी, हाताने फेरमोजणी आणि न्यायालयं, सगळं होऊन गेलं होतं. चारच दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये संसदेवर हल्ला झाला. अधिक लोकांची मतं मोजली जावीत ही एक मागणी, आणि मोजून झालेला निकाल फिरवावा ही दुसरी. यांना एकाच पारड्यात घालायचं असेल तर पुरावा द्या, नुसती घोषणा नको.

'कोर्टाने सगळं फेटाळलं.' हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि एब्रम्स यांच्या चाहत्यांनी ते गिळायला हवं. ३० सप्टेंबर २०२२ ला न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी, जे ओबामांनी नेमलेले होते, शिल्लक राहिलेल्या सर्व मुद्द्यांवर फेअर फाइटच्या विरोधात निकाल दिला. राज्याच्या पद्धती निर्दोष नाहीत, पण त्या राज्यघटनेचं किंवा मतदान हक्क कायद्याचं उल्लंघन करत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. खर्चापोटी दोन लाखांवर डॉलर भरण्याचा आदेशही झाला. मात्र त्याच निकालपत्राच्या आरंभी न्यायाधीशांनी नोंदवलंय, की या खटल्याच्या ओघात सर्वच पक्षांच्या वाट्याला जय-पराजय दोन्ही आले. दावा चालू असतानाच, २०१९ मध्ये, विधिमंडळाने कायदा बदलला आणि त्यावर सही केली खुद्द केम्प यांनी. तपशील न जुळणाऱ्यांना प्रलंबित न ठेवता नोंदवून घेण्याची तरतूद आली, मत न देणाऱ्याला निष्क्रिय ठरवण्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली, निवडणुकीच्या आधीच्या ६० दिवसांत मतदान केंद्र बदलायला मनाई झाली. न्यायालयात उरले होते ते मुद्दे हरले, हे मान्य. पण जे मुद्दे कायद्यात बदल झाल्याने सुटले, ते हरलेल्यांच्या यादीत घालता येणार नाहीत.

पैशाबद्दल थोडक्यात. २०१८ मध्ये त्यांच्यावर आयकराच्या थकबाकीसह दोन लाखांवर डॉलरचं कर्ज होतं. २०२२ पर्यंत मालमत्ता तीस लाखांच्या पुढे गेली. हे उत्पन्न पुस्तकं आणि भाषणं यांतून आल्याचं त्यांनी सांगितलं, आणि पुस्तकं तर त्या सेलेना मॉन्टगोमेरी या टोपणनावाने राजकारणात येण्याआधीपासून लिहीत होत्या. फेअर फाइटच्या पैशातून जवळच्या मैत्रिणीच्या वकिली फर्मला मोठ्या रकमा गेल्या, हा प्रश्न मात्र रास्त आहे. २०२५ मध्ये न्यू जॉर्जिया प्रोजेक्टने २०१८ च्या प्रचारातला पैसा जाहीर न केल्याची कबुली देऊन तीन लाख डॉलर दंड भरला, हेही गंभीर आहे. एब्रम्स तोवर संस्थेतून बाहेर पडल्या होत्या, पण ज्या निवडणुकीत तो पैसा खर्च झाला ती त्यांचीच होती.

राहिलं विक्रमी मतदान. २०१८ मध्ये जॉर्जियात मतदान भरघोस झालं, खरं आहे. २०१६ पासून तिथे वाहन परवाना काढताना आपोआप मतदार नोंदणी होऊ लागली होती, तीही केम्प यांच्या कारकिर्दीत, आणि याचं श्रेय एब्रम्स यांचे भक्त कधी देत नाहीत. पण एकूण आकडा वाढला म्हणून ज्याचं नाव गेलं त्याचं नाव परत येत नाही. जुलै २०१७ मध्ये राज्याने पाच लाखांहून जास्त नावं एका फटक्यात वगळली. बरीचशी मृत किंवा स्थलांतरित लोकांची होती, पण लाखावर नावं केवळ बरीच वर्षं मत दिलं नाही आणि पत्राला उत्तर दिलं नाही या कारणाने गेली. डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा सुमारे तीन लाख नावं काढली आणि काहीच दिवसांत त्यांतली २२ हजार खबरदारी म्हणून परत घालावी लागली. आपलं नाव यादीत नाही हे मतदानाच्या रांगेत कळलेल्या माणसाला राज्याची टक्केवारी सांगून उपयोग काय?

२०२२ मध्ये केम्प साडेसात टक्क्यांच्या फरकाने, जवळपास तीन लाख मतांनी जिंकले. हा स्वच्छ पराभव होता. एब्रम्स यांनी त्याच रात्री केम्प यांना फोन केला आणि जाहीर भाषणात पराभव मान्य केला. 'लोकांनीच उत्तर दिलं' असं लिहिणाऱ्यांनी ते उत्तर त्यांनी कसं स्वीकारलं, हेही त्याच मजकुरात लिहावं.