फोन माझा नव्हता

आधी स्पष्ट सांगते: फोन माझा नव्हता. रविवारपासून मी हे चौदा जणांना सांगितलं आहे. त्यातल्या तेरा जणांनी "असू दे गं, होतं असं" म्हणून माझीच समजूत काढली. चौदाव्या आमच्या पोळ्यांच्या मावशी. त्यांनी निदान "कुठला फोन?" असं तरी विचारलं.

झालं असं, की भाच्याने टेनिसच्या एका चॅलेंजर, म्हणजे मोठ्या स्पर्धांच्या खालच्या पायरीवरच्या, स्पर्धेचे दोन पास दिले. पुण्यात २०१८ ते २०२३ या काळात एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, मोठी स्पर्धा भरायची, तेव्हा नवरा दर वर्षी "या वेळी नक्की जायचं" म्हणायचा आणि दर वर्षी टीव्हीसमोर बसायचा. २०१९च्या फायनलला केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच समोरासमोर होते. एक २.०३ मीटर, दुसरा २.११. म्हणजे एकावर एक उभे केले तर आमचा स्लॅब फोडून वरच्या मजल्यावरच्यांच्या हॉलमध्ये डोकं निघेल. तीनही सेट ६-६ होऊन टायब्रेकला, म्हणजे निकाली गेमला गेले, अँडरसन जिंकला, आणि "अरे, आपल्या गावात चाललंय हे!" असं नवरा सोफ्यावरून ओरडला. पुढे ती स्पर्धाच पुण्यातून गेली. त्यामुळे आता फुकटचा पास नाकारणं म्हणजे त्याला पाप वाटतं.

तर आम्ही गेलो. खुर्ची तापलेली. बसू की नको असं मी करत असताना शेजारच्या गृहस्थांनी वर्तमानपत्राचं एक पान पुढे केलं. "हे घ्या, अर्थवृत्त आहे. क्रीडा पान मला लागेल."

हेच ते काका. काका म्हणायचं म्हणून म्हणते. माझ्यापेक्षा फार तर आठ वर्षांनी मोठे असतील. डोक्यावर कुठल्याशा विमा योजनेची टोपी, टोपीखालून मानेवर सोडलेला ओला पंचा, गळ्यात दुर्बीण. आम्ही दुसऱ्या रांगेत होतो. तिथून खेळाडूच्या बुटांच्या नाड्या मोजता येत होत्या, तरी काका दुर्बीण लावून बघत. खेळाडू सर्व्हिससाठी चेंडू तीन-चार वेळा आपटायचा, तेवढ्या वेळात ते मला त्याच्या मनात काय चाललंय ते सांगायचे. "आता बाहेरच्या बाजूला टाकणार बघा." मध्ये टाकली, की "बघा, मी म्हटलं ना, फसवणार."

त्रास असा, की काका सगळंच चुकीचं सांगत नव्हते. सगळंच चुकीचं सांगणाऱ्या माणसाकडे दुर्लक्ष करता येतं. पहिल्या सातच गेमनंतर नवे चेंडू आले, तेव्हा मी बोलून गेले, "इतक्यात?" काका तयारच होते. "पहिल्यांदा सात, मग दर नऊ गेमनंतर. सुरुवातीचा सराव दोन गेमांच्या हिशेबात धरतात." हे खरं आहे, मी घरी येऊन बघितलं. बघितलं याचाही मला राग आहे. २०१७ साली पुण्यात न्यूझीलंडविरुद्ध डेव्हिस कप झाला, आपण ४-१ जिंकलो आणि लिअँडर पेस नेमका दुहेरीत हरला, तेव्हाही काका हजर होते. "मी समोरच होतो," असं ते म्हणाले ते मात्र थोडं कबुलीजबाबासारखं वाटलं.

दुपारी दुहेरीचा सामना लागला. एक जोडी आपली, एक परदेशी. नवरा म्हणाला, "पाणी घेऊन येतो," आणि गेला तो गेलाच. टेनिसमध्ये मनाला येईल तेव्हा आत येता येत नाही. खेळाडू बाजू बदलताना बसले, की मगच दोरी सोडतात. नवरा बाटल्या छातीशी धरून दाराशी उभा, मी इकडे काकांच्या ताब्यात.

पहिल्या सेटमध्ये एका गेमला ४०-४० झालं. काका सरसावले. "ड्यूस. आता अ‍ॅडव्हांटेज, मग गेम. सलग दोन पॉइंट लागतात." पुढच्याच पॉइंटला अंपायरने गेम देऊन टाकला. काका ताडकन उभे. "अहो, हा काय घोळ? चुकला अंपायर!" मागचा कॉलेजातला मुलगा हळूच म्हणाला, "काका, डबल्सला अ‍ॅडव्हांटेज नसतो. एकच पॉइंट." काका खाली बसले, दुर्बीण पुसली आणि पाच मिनिटांनी माझ्याकडे वळून म्हणाले, "डबल्सला अ‍ॅडव्हांटेज नसतो बरं का, ताई. पुष्कळांना माहीत नसतं."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

एकेक सेट झाला. अशा स्पर्धांच्या दुहेरीत तिसरा सेट खेळत नाहीत, दहा पॉइंटांचा टायब्रेक असतो. ८-८. सर्व्हिस आपल्या जोडीची. पहिली नेटमध्ये गेली. सगळं स्टेडियम असं गप्प, की मागच्याचा वेफर्स चावायचा थांबलेला आवाजही ऐकू यावा. त्या पोराने दुसऱ्या सर्व्हिससाठी चेंडू वर उडवला आणि

ट्रिंग ट्रिंग. ट्रिंग ट्रिंग.

जुन्या काळ्या फोनची घंटी. आवाज पूर्ण मोठा. काकांच्या डाव्या खिशातून.

पोराने चेंडू हातात झेलला आणि स्टँडकडे बघितलं. अंपायर उंच खुर्चीवरून माइकमध्ये म्हणाला, "फोन्स ऑफ, प्लीज." आणि काकांनी, माझ्या डोळ्यांदेखत, डावा हात खिशात घालून कापडावरूनच काहीतरी दाबलं, मान सावकाश उजवीकडे वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

नुसतं बघितलं नाही. भुवया वर करून, ओठ मिटून, अपेक्षाभंग झाल्यासारखं बघितलं. मग पुढच्या रांगेने वळून माझ्याकडे बघितलं. मागच्या मुलाने बघितलं. चेंडू वेचणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरीनेसुद्धा बघितलं. मी म्हणाले, "माझा नाही." गप्प स्टेडियममध्ये ते एवढं मोठ्याने गेलं, की अंपायर पुन्हा म्हणाला, "क्वाएट, प्लीज." या वेळी मात्र तो मलाच म्हणाला.

दुसरी सर्व्हिसही चुकली. डबल फॉल्ट. ८-९. पुढच्या पॉइंटला सामना संपला.

"गेला," काका म्हणाले. "एका फोनपायी." मग खालच्या आवाजात, माझ्या भल्यासाठी, "ताई, आत येतानाच सायलेंटवर टाकत जा."

आता मला सांगा, काकांचं सगळ्यांना खरं का वाटावं? तर मांडीवर मोठी पर्स घेऊन बसलेली पन्नाशीची बाई दिसली, की फोन तिचाच. पर्सच्या तळाशी वाजणार, तिला सापडणार नाही, हे आधीच ठरलेलं. नाटकाला तिसऱ्या घंटेआधी फोन बंद करा म्हणून सांगतात, तेव्हाही डोअरकीपर माझ्याकडे बघतो. मी तीस वर्षं नाटकं बघते आहे. फोन वाजले ते पुरुषांच्या खिशात वाजले, आणि त्यातले निम्मे तर ते उचलून "नाटकात आहे, नंतर बोलतो" असंही सांगतात. हे मी हसत लिहीत नाहीये.

नवरा अखेर दोन कोमट बाटल्या घेऊन आला. पहिलं वाक्य, "तुझा फोन वाजला का गं? दारापर्यंत ऐकू आला." सत्तावीस वर्षांच्या संसारात माझा फोन कधी ट्रिंग ट्रिंग वाजलेला नाही, हे याला माहीत नाही. चॅलेंजरचे सामने फुकट ऑनलाइन दिसतात, ही आणखी एक सोय. रात्री न्यू जर्सीहून नणंदेचा मेसेज, "वहिनी, दिसलीस! सायलेंटवर ठेवायचा असतो गं," आणि पुढे हसरे चेहरे. पाच.

नवरा स्कूटर काढायला पुढे गेला. मी पर्स आवरून जिन्याकडे वळले, तेव्हा स्टँडमध्ये झाडूवालीसुद्धा अजून आली नव्हती. मागे काका पंचा घडी करत होते. आणि तेवढ्यात पुन्हा, स्वच्छ, खणखणीत, ट्रिंग ट्रिंग.

मी गर्रकन वळले. साक्षीला रिकाम्या खुर्च्या.

काकांनी फोन कानाला लावला. "हो गं. आणतो, ज्वारीचं दळण आणतो, लक्षात आहे. हरले ना. चांगले जिंकत होते." मग माझ्याकडे एक नजर टाकून, आवाज जरासा खाली घेऊन, "अगं, शेजारी एक बाई होत्या, ऐन वेळी त्यांचा फोन वाजला."