प्रत्ययाच्या प्रतीक्षेत

शाळेत ‘स-ला-ते, स-ला-ना-ते’ घोकलेल्या माणसाला तुर्की जड जाणार नाही, या भ्रमात मी इस्तंबूलला आलो. क्रियापद शेवटी, प्रत्यय शब्दाच्या मागे, म्हणजे सगळं घरचंच की!

पण आपला सप्तमीचा ‘त’ बिचारा घरात, शाळेत, बागेत, बसवाल तिथे बसतो. तुर्की प्रत्यय आधी शेजारचा स्वर कोणता ते बघतो. घरात ‘एव्दे’, शाळेत ‘ओकुल्दा’. पार्कात गेलात तर ‘पार्क्ता’, कारण शेवटी कठोर व्यंजन आलं की ‘द’चा ‘त’ होतो. लग्नाआधी पत्रिका बघावी तशी दर नामाची चौकशी. तोवर वेटर पुढच्या टेबलाकडे गेलेला असतो.

हेही सोसलं असतं, पण पुढे समास उभे आहेत. आपण ‘घराची बाग’ म्हणतो आणि मोकळे होतो. तुर्कीत ‘एविन बाहचेसी’, म्हणजे ‘घराची बाग-तिची’. मालकावर शिक्का, मालावरही शिक्का. पहिलं नाम नुसता प्रकार सांगत असेल तर त्याला शिक्क्यातून माफी, दुसऱ्याला नाही: ‘त्युर्क काहवेसी’, म्हणजे तुर्की कॉफी. बागेत बसायचं म्हटलं की ‘बाहचेसिन्दे’, मध्येच एक ‘न’ घुसतो. आणि हीच कॉफी ‘माझी’ म्हणायची तर ‘काहवेम’. इतक्या कष्टाने बसवलेला ‘सी’ काढून टाकायचा!

एकदा अंगात ताप होता. शेजारच्या ताईंना डॉक्टर विचारायचा म्हणून मी दारात उभा राहून मनात उजळणी करत होतो, कारण ‘कादन दोक्तोर’ म्हणजे बाई डॉक्टर आणि ‘कादन दोक्तोरू’ म्हणजे स्त्रीरोगतज्ज्ञ. एका उकाराने तापाचा माणूस प्रसूतिगृहाच्या रांगेत. शेवटी नुसतं कपाळाला हात लावून दाखवला. त्याला विभक्ती लागत नाही.

तुर्कांनाही हे झेपत नसावं, असा मला दाट संशय आहे. बॉस्फरसच्या सामुद्रधुनीपलीकडे इस्तंबूलचाच ‘कादकोय’ नावाचा भाग आहे; नावाचा अर्थ काझीचं गाव. नियमाने ते ‘कादकोयू’ हवं, आणि पूर्वी तसं म्हणतही असत. पण बोलून बोलून लोकांनी शेवटचा ‘ऊ’ टाकून दिला. आता तिथे राहतो म्हणायला नुसतं ‘कादकोयदे’ पुरतं, मधल्या ‘न’चीही कटकट नाही.

भाडं जास्त आहे म्हणतात. असू दे, मी घर तिथेच बघतोय.