सर्व्हरची रिडेव्हलपमेंट

ठाण्यात राहून महाप्याला नोकरी करणाऱ्या माणसाला दोन रिडेव्हलपमेंट भोगाव्या लागतात. एक नौपाड्यातल्या सोसायटीची. तिच्यावर दर जनरल बॉडीत चर्चा होते आणि वडा-चहानंतर ती पुढे ढकलली जाते. दुसरी ऑफिसातल्या शेअरपॉइंटची, म्हणजे सगळ्यांच्या फायली, याद्या आणि अर्ज ज्यात राहतात त्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरची. ही ढकलता येत नाही, कारण हिची तारीख मायक्रोसॉफ्टनं लावलेली आहे.

शेअरपॉइंट २०१६ आणि २०१९ या भावंडांच्या नावांत तीन वर्षांचं अंतर, पण दोघांचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारी दुरुस्ती, संपण्याची तारीख एकच: १४ जुलै २०२६. फॉर्म बनवायचं इन्फोपाथ आणि शेअरपॉइंटची पानं नि कामाचे टप्पे घडवायचं शेअरपॉइंट डिझायनर २०१३ यांचीही तीच. गावच्या मास्तरांनी दाखल्यावर सगळ्या पोरांचा जन्म १ जूनला लावून टाकावा आणि पुढे ३१ मेला अर्धा स्टाफ एकदम हार घालून घरी जावा, त्यातला प्रकार. यात खरा जीव अडकतो तो इन्फोपाथमध्ये. ऑफिसातला रजेचा अर्ज हमखास त्यात बनवलेला असतो. बनवणारा केव्हाच हिंजवडीला गेलेला असतो, आणि अर्ज साहेबांकडून एचआरकडे नेमका कसा जातो हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. म्हणून सर्व्हर राहू दे, आधी अशा फॉर्मची यादी करा.

"चालतंय ना? मग राहू दे," असं वरून येतंच. त्यांना मी जुलै २०२५ ची आठवण देतो. तेव्हा ऑफिसात ठेवलेल्या शेअरपॉइंट सर्व्हरवर हल्ले झाले आणि चोरांनी सर्व्हरच्या मशीन की, म्हणजे सर्व्हर ज्यांवरून आपला-परका ओळखतो त्या गुप्त किल्ल्या, पळवल्या. म्हणजे दार दुरुस्त केलं तरी डुप्लिकेट किल्ली त्यांच्या खिशात. त्यामुळे नुसता पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, बसवून भागत नव्हतं. किल्ल्या बदलून आयआयएस, म्हणजे विंडोजचा वेबसाइट चालवणारा भाग, रीस्टार्ट करावं लागत होतं. सपोर्ट संपला की असं दार दुरुस्त करायला सुतारच येणार नाही.

जायचं कुठे, तर शेअरपॉइंटच्याच नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या सबस्क्रिप्शन एडिशनमध्ये. २०१६ आणि २०१९ वाल्यांना थेट ताबा मिळतो. २०१३ वाल्यांना मात्र ट्रान्झिट कॅम्प आहे: आधी २०१६ मध्ये बिऱ्हाड हलवायचं, तिथे डेटाबेस अपग्रेड करायचा, मग पुढचा टेम्पो. आणि "सीडी घाला, नेक्स्ट-नेक्स्ट करा" हा सल्ला देणाऱ्याला प्रेमानं खुर्ची द्यावी आणि सांगावं की जुन्या इमारतीवर मजले चढवता येत नाहीत. शेजारी नवी फार्म, म्हणजे सर्व्हरचा नवा संच, उभी करायची, विंडोज सर्व्हर २०१९ किंवा २०२२ वर, सोबत डेटाबेस सांभाळणारा एसक्यूएल सर्व्हर २०१९ किंवा नंतरचा. मग जुने डेटाबेस रीड-ओन्ली करून बॅकअप घ्यायचा आणि नव्या एसक्यूएलवर रिस्टोअर करायचा. आधी मॅनेज्ड मेटाडेटा, युजर प्रोफाइल वगैरे सर्व्हिसेसचे डेटाबेस, मग कस्टम सोल्यूशनच्या, म्हणजे ऑफिसनं वेगळ्या बसवून घेतलेल्या सोयींच्या, डब्ल्यूएसपी फाइल, आणि सगळ्यात शेवटी फायली नि याद्या असलेले कंटेंट डेटाबेस.

कंटेंट डेटाबेस जोडण्याआधी टेस्ट-एसपीकंटेंटडेटाबेस ही कमांड चालवायचीच. ती माळा उघडते. मिसिंग फीचर, मिसिंग वेबपार्ट, मिसिंग सेटअप फाइल, अशी जळमटं बाहेर पडतात. कुणीतरी केव्हातरी कसलं तरी कॅलेंडर बसवलं, मग काढलं, पण डेटाबेसात त्याची खुंटी भिंतीतच राहिली. या यादीतलं प्रत्येक पाप धुवावं लागत नाही, पण "अपग्रेड ब्लॉकिंग: ट्रू" असं दिसलं तर थांबा. ते न वाचता डेटाबेस जोडलात तर पुढची रात्र अपग्रेडच्या एरर लॉगसोबत जागवायची.

माळ्यावरचा मुख्य माल म्हणजे फायली. मराठी माणूस फाइलला नाव देत नाही, बारसं करतो: "ठाणे विभाग अहवाल अंतिम साहेबांनी बघितलेला नवा २". फाइलच्या पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा होती, ती २०१९ च्या आवृत्तीपासून ४०० झाली. नावात हॅश आणि टक्का चालायला लागले तेही त्याच आवृत्तीपासून, त्यामुळे "१००% पूर्ण" हे नाव आता सुखानं देता येतं. काम कितीही झालेलं असो. मोजणीतली गंमत अशी की "ठाणे" आपल्याला दोन अक्षरं, सर्व्हरला चार: ठ, काना, ण, मात्रा. आणि लिंक कॉपी केलीत की नुसत्या "ठ" चं "टक्का ई शून्य टक्का ए चार टक्का ए शून्य" होतं, एकाचे नऊ. म्हणजे ठाणे छत्तीस. वरचं अख्खं नाव व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर समोरचा घाबरून ब्लॉक करतो.

त्याहून वाईट म्हणजे चेक-आउट केलेल्या, म्हणजे कुणीतरी स्वतःच्या नावावर अडवून ठेवलेल्या फायली. अपलोड करून एकदाही चेक-इन न केलेली, म्हणजे इतरांसाठी मोकळी न सोडलेली फाइल टाकणाऱ्याशिवाय कुणाला दिसतच नाही. टाकणारा रिटायर झाला की ती कुलूपबंद पेटी. लायब्ररी सेटिंग्जमध्ये अशा फायलींचं वेगळं पान आहे. तिथून त्या आपल्या ताब्यात घेऊन चेक-इन करायच्या, आणि हे जुन्या सर्व्हरवर असतानाच उरकायचं.

नव्या घरात काय मिळतं? ओआयडीसी या आधुनिक पद्धतीनं लॉगिन, विंडोज सर्व्हर २०२२ वर टीएलएस १.३ (ब्राउझर आणि सर्व्हर यांचं बोलणं गुप्त ठेवणारं), देखणी पानं. लोक विचारतात एकच, "ती ५००० ची कटकट गेली का?" नाही गेली. एका यादीतून एका वेळी ५००० पेक्षा जास्त नोंदी मागितल्या की शेअरपॉइंट आजही हात वर करतं. कारण साधारण तेवढ्या ओळींना कुलूप लावून झालं की एसक्यूएल सर्व्हर एकेक ओळ अडवायचं सोडून अख्खं टेबलच अडवतो. एका माणसाच्या बुटाची लेस सुटली म्हणून ठाणे स्टेशनचा पूल बंद करावा तसं. त्यावर उपाय: कॉलमला इंडेक्स लावा, व्ह्यूचा पहिला फिल्टर त्याच कॉलमवर ठेवा.

मेंटेनन्स मात्र कायमचा. यापुढे नवी आवृत्ती विकत घेऊन निर्धास्त झोपणं नाही. गेल्या वर्षभरातला अपडेट बसवलेला असेल तरच तुम्ही सपोर्टमध्ये.

हे सगळं शनिवार रात्र ते रविवार या काळात बसवतात, आणि नेमका त्याच रविवारी ट्रान्सहार्बरवर मेगाब्लॉक लागलेला असतो. रेल्वे निदान सकाळी ११.१० ते दुपारी ४.१० असं छापून सांगते. आमच्या ब्लॉकची संपण्याची वेळ एसक्यूएललाच ठाऊक.

सोमवारी दहाला पहिला फोन अकाउंट्सचा. "अहो, सर्चमध्ये काहीच येत नाही. सगळं गेलं का?"

गेलेलं काही नसतं. सर्चचा इंडेक्स जुन्या घरातून आणता येत नाही, नव्यानं फुल क्रॉल करावा लागतो, म्हणजे सर्व्हर सगळ्या फायली पुन्हा वाचून काढतो, आणि तो अजून चालू असतो. हे मी नीट समजावून सांगतो. ते नीट ऐकून घेतात.

"बरं, मग तोपर्यंत ती अंतिम वाली तेवढी मेलवर टाकता?"