विक्रमादित्य म्हणे मॉस्क्वाच्या क्लासची!

"युक्रेनने दोन मिसाइल मारून बुडवलेली मॉस्क्वा ही रशियाची हेलिकॉप्टर क्रूझर, 14 हेलिकॉप्टरं आणि फायटर जेट घेऊन फिरायची, तुर्कस्तानला गंडवायला तिला क्रूझर म्हणायचे, आणि आपली विक्रमादित्य त्याच क्लासची." हा फॉरवर्ड परवा आत्याकडे पोचला. तिचा मुलगा नेव्हीत आहे, तिने रात्री साडेदहाला फोन करून विचारलं की अरे आपलंही जहाज असंच जाणार का रे. लोकांना फॉरवर्ड करायला काय जातंय.

आधी विक्रमादित्यचं, म्हणजे आपल्या विमानवाहू नौकेचं. ती किएव्ह क्लासची (क्लास म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेली जहाजं), म्हणजे पुढची पिढी. मूळची बाकू, नंतर अॅडमिरल गोर्शकोव्ह, पुढची मिसाइलं काढून तिथे स्की-जंप, म्हणजे विमानं उडवायला वर वळवलेला डेक, बसवला, पार नवी करून 2013 मध्ये आपल्या नेव्हीत आली. वजन 44-45 हजार टन, लांबी 280 मीटरच्या वर, वर मिग-29के फायटर जेट. हेलिकॉप्टर क्रूझर मॉस्क्वा साधारण 17 हजार टनांची, 189 मीटर, पुढच्या अर्ध्या भागात रॉकेटं आणि मिसाइलं, मागच्या अर्ध्या भागात डेक. दोन्ही युक्रेनमधल्या निकोलायेव्हलाच बांधल्या एवढंच काय ते नातं, मग काय एका गावातली सगळी माणसं सख्खी भावंडं का?

आणि मुळात बुडाली ती ही मॉस्क्वा नव्हेच! 14 एप्रिल 2022 ला बुडाली ती स्लावा क्लासची मिसाइल क्रूझर, जिचं आधीचं नावच स्लावा होतं, दोन्ही बाजूंना मिसाइलच्या जाड नळ्या आणि हेलिकॉप्टर फक्त एक. हेलिकॉप्टरवाली 1967 ला सेवेत आली आणि 90 च्या दशकात भंगारात गेली, तेही आपल्या गुजरातेत, अलंगला. तोडून झालेलं जहाज पंचवीस वर्षांनी बुडवणार कसं?

14 हेलिकॉप्टरं बरोबर आहेत, कामोव-25. जेटचं म्हणाल तर 1972 मध्ये एक याक जेट चाचणीसाठी तिच्या डेकवर उतरलं होतं, तेवढ्यावर "फायटर जेट घेऊन फिरायची"?

तुर्कस्तानचं मात्र अर्धं खरं आहे, मानावं लागेल. क्रूझर म्हणवून घेणं सोव्हिएतांच्या सोयीचंच होतं. काळ्या समुद्रातून बाहेर पडायची वाट तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून जाते, आणि तिथून कोणत्या युद्धनौका जाऊ शकतात ते माँत्रे करार ठरवतो. पण 1936 चा तो करार उघडून बघा, परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की मुख्यतः विमानं चालवण्यासाठी न बांधलेल्या युद्धनौकेला नुसता डेक आहे म्हणून विमानवाहू धरायचं नाही. म्हणजे तुर्कस्तानने डोळे झाकले असतील-नसतील, पळवाट करारातच होती.

हा हेलिकॉप्टर क्रूझरचा क्लास फसला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण कारण तरी बरोबर द्या. या क्रूझर अमेरिकेच्या पोलॅरिस अणुमिसाइलवाल्या पाणबुड्या शोधायला काढल्या होत्या, आणि त्या पोलॅरिसची रेंज दोन हजार किलोमीटरवरून साडेचार हजारावर गेली, म्हणजे शोधायचा समुद्र केवढा वाढला बघा. मॉस्क्वा आणि लेनिनग्राड अशा दोनच झाल्या, तिसरी रद्द.