मॅटला डिस्टिंक्शन मिळवून द्या

तांब्याच्या भट्टीवर नव्याने रुजू झाला असाल तर बाकी काही शिकू नका, मॅटचा ग्रेड तेवढा धरून ठेवा. मॅट म्हणजे तांबे, लोखंड आणि गंधक यांचा वितळलेला रस. त्यात तांबे किती टक्के, तो ग्रेड. ६० म्हणजे नुसता फर्स्ट क्लास. ६० टक्क्यांना आपल्याकडे पेढे वाटतात का? ७५ आणा.

त्यासाठी फारसे करावे लागत नाही, ऑक्सिजन वाढवायचा. लोखंडाचे सल्फाइड जळते आणि जळताना उष्णताही देते, म्हणजे इंधन वाचले. हे रिपोर्टमध्ये ठळक लिहा. सगळे लोखंड सिलिकेचा (भट्टीत घातलेल्या वाळूचा) हात धरून मुकाट स्लॅगमध्ये, म्हणजे मॅटवर तरंगणाऱ्या मळीत, जात नाही, काही मॅग्नेटाइट, म्हणजे सहज न वितळणारे लोखंडाचे ऑक्साइड, होऊन आतच तळाशी ठाण मांडते, हे लिहायची गरज नाही. त्याला मोडायला लोखंडाचे सल्फाइडच लागते, आणि ते तर तुम्ही नुकतेच जाळून बसलात.

पाळीवरचा जुना माणूस वरून सळई सोडतो, वर ओढतो आणि तिच्यावरच्या थरांवरून मॅट किती, स्लॅग किती ते सांगतो. एक दिवस सळई वीतभर आधीच अडेल. स्लॅगही ओघळायचा सोडून गार पिठल्यासारखा तिला चिकटून येईल. तो म्हणेल, "साहेब, तळ वर आलाय." त्याला सांगा, सळई वाकली असेल.

स्लॅगमध्ये तांबे चालले अशी ओरड होईल. होऊ द्या. एवढ्या ग्रेडला स्लॅगमध्ये ५-६ टक्के तांबे सहज जाते. आज कितीतरी खाणींच्या दगडात टक्काभरही नसते. म्हणजे तुमचा कचरा खाणीपेक्षा श्रीमंत! मग तो सावकाश थंड करा, फोडा, दळा, फ्लोटेशनला घाला (तांब्याचे कण फेसावर वेगळे काढा) आणि पुन्हा भट्टीत आणा. तेच तांबे दोनदा वितळवले, पण तो खर्च दुसऱ्या खात्याचा.

पुढच्या टप्प्यात मॅटचे तांबे करणारे कन्व्हर्टरवाले कुरकुरतील, की जाळायला लोखंडच उरले नाही तर भंगार कशाच्या उष्णतेवर वितळवायचे? त्यांना म्हणावे, काम कमी झाले त्याचे आभार माना.

एक उदाहरण मात्र मीटिंगमध्ये काढू नका. कॅनडात, क्वेबेकच्या रुइन-नोरांडातल्या हॉर्न स्मेल्टरने १९७३ मध्ये डिस्टिंक्शनवर न थांबता थेट बोर्डात यायचे ठरवले: मधली कन्व्हर्टरची पायरी गाळून रिअॅक्टरमधूनच ब्लिस्टर, म्हणजे जवळजवळ शुद्ध, तांबे. तांबे आले, पण आर्सेनिक, अँटिमनी आणि बिस्मथ या नकोशा अशुद्धी सोबत घेऊन. दोनेक वर्षांत मंडळी गुपचूप मॅटवर परतली.

आणि हो, ती सळई. स्टोअरमधून या खेपेला जरा आखूड मागवा.