सडा ओसाड नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, माझ्या लेखाखाली 'एक कोकणकर' या नावाने तुम्ही लिहिलंत: "चार दिवसांच्या फुलांचं कौतुक पुरे. जिथे माती नाही आणि आठ महिने पाणी नाही तिथे जीवन नाही, हे साधं विज्ञान आहे. माझ्या सातबाऱ्यावर तीन एकर कातळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य जमीन, म्हणून पडलाय. सुरुंग लावून, माती भरून कलमं लावली तर तुमचं काय बिघडतं?"

आधी तुमचं बरोबर आहे ते सांगते. त्या लेखात मी फुलांवर लिहिलं, पण ज्याच्या नावावर तो कातळ आहे त्याच्यावर एक ओळही लिहिली नाही. सड्यावर गुरं नेणाऱ्यांबद्दलही नाही. साताऱ्याजवळच्या कास पठाराला कुंपण घालून गुरं बंद केली आणि पुढे तेच कुंपण काढावं लागलं. गुरांनी उंच गवत खाल्लं तरच खालच्या बुटक्या फुलांना ऊन मिळतं, हे गुराख्याला कुणी शिकवायला नको होतं.

पण "माती नाही म्हणून जीवन नाही" हे मला मान्य नाही. सड्याचा कातळ जांभ्याचा, आणि जांभा मुळात तयारच होतो तो लाखो पावसाळ्यांनी खडकातलं सत्त्व धुऊन नेल्यावर; मागे उरतं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. नत्र नावालाच. मग तिथलं झाड नत्र आणणार कुठून? जुलैत सड्यावरच्या पाणथळ जागी गुडघे टेकून बसा. सीतेच्या आसवांचं एक रोप अलगद उपटून भिंगाखाली धरा. जांभळं फूल नखाएवढं, आणि खाली चिखलातल्या धाग्यांना मोहरीहून बारीक फुगे. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झडप उघडते आणि तो आत खेचला जातो, डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी. त्या जीवातूनच झाडाला नत्र मिळतं. शेजारची दवबिंदू नावाची वनस्पती हेच काम चिकट केसांनी करते. या झाडांना जागा मिळते ती जमीन निकस आहे म्हणूनच. तिथे खत पडलं की उंच गवत माजतं आणि ही सावलीत मरतात. तुमच्या कलमांच्या आळ्यातलं खत पावसाबरोबर उताराला जाणारच.

पाण्याचंही तसंच. सड्यावरचं डबकं वीतभर खोल. दुपारी ऊन पडलं तर हाताला कोमट लागतं, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पावसाने आठवडाभर दडी मारली की तळाला नुसता चिखल. अशा पाण्यात मासे टिकत नाहीत, आणि नेमकं म्हणूनच बेडकांची पिल्लं टिकतात. पाणी आटायच्या आत पाय फुटले पाहिजेत, एवढीच त्यांची घाई. आंबोलीच्या सड्यावर असाच एक चिमुकला भेक आहे, आंबोली टोड. तो २००९ मध्ये नवी जात म्हणून नोंदला गेला आणि आज अति संकटग्रस्त गणला जातो. त्याची अंडी कातळावरच्या अशाच उथळ पाण्यात असतात. ते डबकं बुजवून बारमाही शेततळं केलंत, तर पाणी वाढेल आणि हा जीव जाईल.

राहिले कोरडे आठ महिने. दीपकाडीचा कांदा ते आठ महिने कातळाच्या खळग्यातल्या बोटभर मातीत काढतो आणि जूनच्या पावसात पांढरं फूल वर काढतो. ही दीपकाडी कोकणपट्टीच्या सड्यांची, जगात दुसरीकडे नाही. काही गवतं तर पार वाळून करडी होतात आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवी होतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पश्चिम घाटात अशा ६२ वनस्पती नोंदवल्या; त्याआधी भारतात जेमतेम नऊ माहीत होत्या. सातबाऱ्याच्या भाषेत या सगळ्याला एकच शब्द आहे, पोटखराबा. मला राग येतो तो या शब्दाचा, तुमचा नाही.

"मग मी करू काय?" हा तुमचा प्रश्न उरतोच. कलमांइतके पैसे देणारं उत्तर माझ्याकडे नाही, आणि आहे असं मी म्हणणार नाही. एवढीच विनंती आहे, सुरुंग लावायच्या आधी एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठे साचतं, कुठून वाहून खालच्या विहिरीकडे जातं, कुठल्या खळग्यात काय उगवतं, ते एकदा पाहून ठेवू. कदाचित तीन एकरांतला एखादा कोपरा कलमांना चालेल आणि डबकी वाचतील. मृग लागला की इथेच कळवा. मी येते, भिंग माझं.